टाकी उपसली, पण पाइप तसाच राहिला : वाईतील एका जुन्या वाड्याच्या ड्रेनेजचे प्रकरण

कृष्णाकाठी वसलेल्या वाईसारख्या गावातील जुन्या घरांचे ड्रेनेज एकाच वेळी, एका आराखड्याने बांधलेले नसते. मूळ वाड्यात न्हाणीची मोरी, परसातला टोपलीचा संडास आणि तो साफ करण्यासाठी मागचा बोळ एवढीच सोय असे. पुढे परसात सेप्टिक टाकी आली, मग स्वयंपाकघरात ओटा आणि सिंक आले, आणि त्यानंतर वरच्या मजल्यावर म्हाताऱ्या माणसांसाठी संडास-बाथरूम झाले. प्रत्येक पिढीने आपल्या गरजेपुरता पाइप आधीच्या पाइपला जोडला आणि वरून फरशी घातली. त्यामुळे अशा घरात सांडपाणी नेमके कोणत्या मार्गाने जाते, हे घरातल्या कोणालाच पूर्णपणे ठाऊक नसते. येथे मांडलेले प्रकरण अशाच एका वाड्याचे आहे. घरमालकांच्या संमतीने ते लिहिले आहे. त्यांची ओळख पटेल असा तपशील गाळला असून मापे घेतली तशीच दिली आहेत.

हे प्रकरण वाईचेच निवडण्यामागे कारण आहे. वाईला भुयारी गटार योजना नाही. घरोघरी सेप्टिक टाक्या आहेत आणि त्यांतून बाहेर पडणारे पाणी रस्त्याकडेच्या गटारांत जाते. या परिस्थितीत नगरपरिषदेने 2018 पासून एक अतिशय चांगली पद्धत सुरू केली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या सहकार्याने आखलेल्या या योजनेनुसार, टाकी भरून वाहण्याची वाट न पाहता प्रत्येक घराची टाकी साधारण तीन वर्षांतून एकदा वेळापत्रकानुसार उपसली जाते, त्याचा खर्च करांतून भागवला जातो आणि उपसलेला मैलागाळ रोज 70 घनमीटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रात नेला जातो. देशात फारच थोड्या लहान गावांनी हे करून दाखवले आहे, आणि त्याचे श्रेय वाईला मनापासून दिले पाहिजे. मात्र या सोयीमुळे घराघरांत एक समजूत नकळत रुजली आहे की, टाकी उपसली म्हणजे ड्रेनेजची देखभाल झाली. टाकीपर्यंत पाणी आणणारा पाइप, त्यावरील चेंबर (पाइप उघडून तपासण्याची झाकणाची हौदी), ट्रॅप (आत पाणी धरून वास अडवणारे पाइपाचे वळण) आणि पन्हळी या साऱ्यांची जबाबदारी घरमालकाची असते, आणि नेमका तोच भाग कोणाच्याही वेळापत्रकात नसतो. या वाड्यात घडले ते यामुळेच.

घर आणि तक्रार

वाडा दुमजली, मधोमध चौक असलेला आणि मागे लांबट परसू असलेला आहे. खालच्या भिंतींना काळा दगड, वरती पांढऱ्या मातीचे बांधकाम आणि सागवानी खांब-तुळया. तीन भावांची कुटुंबे मिळून अकरा माणसे राहतात. परसातली सेप्टिक टाकी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीप्रमाणे 1970 नंतरच्या दशकातली आहे आणि चौकापासून टाकीपर्यंतचा पाइपही त्याच वेळचा, म्हणजे स्टोनवेअरचा (झिलई दिलेल्या भाजक्या मातीचा), चार इंची आहे.

तक्रार दरवर्षीची होती. आषाढात दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला की चौकाशेजारच्या न्हाणीत पाणी उलटे चढायचे. आधी जाळीतून बुडबुडे यायचे, मग काळपट पाणी, आणि शेवटी वास इतका की स्वयंपाकघराची दारे लावून घ्यावी लागत. पाऊस ओसरला की पाणी आपोआप उतरायचे. त्याखेरीज वर्षातून तीन-चार वेळा कोरड्या दिवसांतही पाइप तुंबायचा. दर वेळी बांबूच्या कामट्या घेऊन येणाऱ्या एका ठरलेल्या माणसाला बोलावले जाई. तो न्हाणीच्या तोंडातून कामट्या सारून तासाभरात पाणी मोकळे करून देई आणि आठशे ते हजार रुपये घेई. मधल्या काळात घरातली मंडळी बाजारातले ॲसिड ओतत. न्हाणीलगतच्या मातीच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओल धरली होती, पोपडे सुटत होते, आणि शेजारच्या सागवानी खांबाच्या बुडाशी लाकूड मऊ पडायला लागले होते.

जुन्या घरांची दुरुस्ती करणाऱ्या आम्हाला बोलावले गेले ते या खांबामुळे. ड्रेनेजसाठी कोणी बोलावले नव्हते. पण खांबाकडे लक्ष देण्याआधी ओल कुठून येते हे शोधणे भाग होते, आणि ओलीचा माग पाइपापाशी येऊन पोचला.

या घराची टाकी मागच्याच हिवाळ्यात उपसली गेली होती. त्यामुळे कुटुंबाची ठाम समजूत होती की टाकीकडे दोष असूच शकत नाही, आणि तुंबते ते घरातल्या कोणाच्या तरी निष्काळजीपणामुळे. तिन्ही घरांत यावरून धुसफूस होती. कोणाची मुले डायपर टाकतात, कोण खरकटे न झाडता भांडी विसळते, असे आरोप होत. यातल्या काही गोष्टी खऱ्याही होत्या. परंतु कामट्यांवाल्या माणसाला आम्ही स्वतंत्रपणे विचारले, तेव्हा त्याने सांगितलेली एक गोष्ट साऱ्या चर्चेपेक्षा मोलाची ठरली. दर वेळी त्याची कामटी त्याच ठिकाणी अडत होती, परसाच्या दारापलीकडे, औदुंबराच्या पारापाशी. पाइप वापरातल्या चुकीमुळे तुंबत असेल तर तो कधी इथे, कधी तिथे तुंबतो. तो पुन्हा पुन्हा एकाच जागी तुंबत असेल, तर दोष त्या जागेतच असतो. इतकी वर्षे काम करताना ही गोष्ट त्या माणसाला कळलेली होती, पण कोणी त्याला विचारलेच नव्हते.

तपासणी

जुन्या घराच्या पाइपाची तपासणी म्हटली की हल्ली कॅमेऱ्याची चौकशी होते. मोठ्या शहरांत तो सहज मिळतो, लहान गावात तो पुण्याहून मागवावा लागतो आणि त्याचे भाडे कामाच्या मानाने जड होते. या घरात त्याची गरज पडली नाही. गवंड्याकडची पारदर्शक पाण्याची नळी, दोन आरसे, एक चांगली बॅटरी आणि हलवायाकडचा खाण्याचा रंग एवढ्या साहित्यावर आवश्यक ती सगळी माहिती मिळाली.

सर्वप्रथम कोणते पाणी कुठे जाते हे ठरवायचे होते. वरच्या बाथरूममध्ये, सिंकमध्ये, दोन्ही न्हाण्यांत आणि पन्हळीखालच्या जाळीत वेगवेगळ्या वेळी रंगीत पाणी सोडून ते परसातल्या एकमेव चेंबरमध्ये किती वेळाने उतरते ते पाहिले. पहिला धक्का इथेच बसला. मागच्या बाजूच्या छपराच्या पन्हळीचे पाणी वेगळ्या मार्गाने बोळातल्या गटारात जाते असे सर्वजण सांगत होते, पण ते रंगासकट सांडपाण्याच्या चेंबरमध्ये येत होते. घरातल्या सर्वांत वडील काकूंना विचारल्यावर उलगडा झाला. पूर्वी पन्हळीचे पाणी परसातल्या दगडी हौदात पडत असे. हौद बुजवला तेव्हा ते पाणी कुठे तरी सोडायचे म्हणून जवळच्या पाइपाला जोडून दिले गेले.

या एका जोडणीचा परिणाम किती होतो, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. मागच्या छपराचे क्षेत्र साधारण 110 चौरस मीटर आहे. तासाभरात 25 मिलिमीटर पाऊस पडला, आणि घाटमाथ्याच्या पायथ्याला असा पाऊस मुळीच दुर्मीळ नाही, तर या छपरावरून सुमारे 2,750 लिटर पाणी खाली येते. सेप्टिक टाकीत प्रत्यक्ष पाणी राहण्याची जागा 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 1.2 मीटर खोल, म्हणजे 2,400 लिटर एवढीच आहे. एरवी अकरा माणसांचे दिवसाचे हजार-बाराशे लिटर सांडपाणी या टाकीत साधारण दोन दिवस राहते. तेवढ्या वेळात गाळ तळाशी बसतो आणि तेलकट साय वर तरंगते. पावसाच्या एका सरीने मात्र टाकीतले सगळे पाणी तासाभरात बदलून जाते, आणि बसलेला गाळ ढवळून थेट गटारात, तिथून कृष्णेत जातो. गावाने तीन वर्षांच्या वेळापत्रकाने जो मैलागाळ केंद्रात न्यायचा, तोच एका चुकीच्या पन्हळीमुळे दर आषाढात नदीत पोचत होता. घरातल्या न्हाणीत पाणी चढणे हा याच गोष्टीचा घरातला परिणाम होता. आधीच तुंबत असलेला हा चार इंची पाइप एवढे पाणी वाहून नेऊ शकत नव्हता, आणि घरातील सर्वांत खालचे तोंड न्हाणीचे होते.

त्यानंतर उताराची मापे घेतली. चौकातल्या न्हाणीच्या ट्रॅपपासून टाकीच्या तोंडापर्यंत पाइपाची लांबी 19 मीटर भरली. चार इंची पाइपाला 40 फुटांत एक फूट उतार असावा हा जुन्या प्लंबरांचा ठोकताळा आहे (सहा इंचीला साठात एक, नऊ इंचीला नव्वदात एक), आणि तो आजही उपयोगी पडतो. त्या हिशोबाने 19 मीटरला साधारण 47 सेंटिमीटर उतार हवा. प्रत्यक्षात तो एकूण 31 सेंटिमीटर होता, आणि तोही सारखा नव्हता. चौकापासून परसाच्या दारापर्यंतच्या 11 मीटरमध्ये 26 सेंटिमीटर, म्हणजे बेचाळिसात एक, जवळजवळ योग्य. पुढच्या 8 मीटरमध्ये केवळ 5 सेंटिमीटर, म्हणजे एकशे साठात एक. उतार इतका मंद झाला की पाणी पुढे निघून जाते आणि त्यातला घन भाग मागे राहतो. पाण्याचा वेग सेकंदाला साधारण पाऊण मीटर असेल तरच पाइप स्वतःला धुऊन काढतो. त्याखाली वेग गेला की प्रत्येक वापरागणिक थोडा थर साचत जातो. कामटी अडण्याची जागा याच 8 मीटरमध्ये होती.

चेंबरमधून बॅटरीचा झोत टाकून आरशात पाहिले, तेव्हा दुसरे कारणही दिसले. स्टोनवेअरचे पाइप दोन-दोन फुटांचे असतात, त्यामुळे 19 मीटरमध्ये तीसच्या आसपास सांधे येतात आणि प्रत्येक सांधा सिमेंटने भरलेला असतो. सिमेंट ताठ असते. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि पावसात फुगते, तेव्हा पाइप किंचित हलतो आणि सांध्याला केसाएवढी चीर पडते. औदुंबराची मुळे पाण्याच्या शोधात याच चिरांतून आत शिरली होती आणि आत गेल्यावर त्यांचा झुबका झाला होता. कामटी त्या झुबक्याला भोक पाडून जात होती. झुबका मात्र कायम राहत होता आणि कापल्या गेलेल्या मुळांना नवे धुमारे फुटत होते. भिंतीतली ओलही अशाच एका सांध्यातून, न्हाणीच्या ट्रॅपलगतच्या, झिरपत होती. तिथल्या सिमेंटची अवस्था पाहता ॲसिडने आपले काम केलेले होते हे स्पष्ट दिसत होते.

ॲसिडविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण लहान गावांत ही सवय सर्वदूर आहे. फरशी धुण्याचे ॲसिड झिलईच्या पाइपाला फारसे काही करत नाही, पण सांध्यातल्या आणि चेंबरच्या गिलाव्यातल्या सिमेंटला ते खाते. टाकीत पोचल्यावर मैला कुजवणाऱ्या जिवाणूंना ते मारते, म्हणजे टाकी नुसती साठवणीची खोली बनते. ॲसिड ओतल्यावर पाणी उतरले नाही म्हणून कोणी त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली, तर क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद न्हाणीत तो जीवघेणा ठरू शकतो. या सर्वांहून गंभीर गोष्ट अशी की, ॲसिड ओतल्यानंतर कामट्या घेऊन येणाऱ्या माणसाला ते आत आहे हे कोणी सांगत नाही आणि ते त्याच्या हातांवर, तोंडावर उडते. या घरच्या माणसाच्या मनगटांवर तसे डाग होते.

उपायांची निवड

कुटुंबाने सुरुवातीला मागितलेला उपाय साधा होता : सगळा पाइप उखडून नवा टाकायचा. तो आम्ही सुचवला नाही. चौकाची मूळ दगडी फरशी, तिच्याखालचा भराव आणि त्यावर उभे असलेले खांब यांना हात लावायचा तर दुरुस्तीपेक्षा नुकसान मोठे होण्याची शक्यता होती, आणि चौकाखालचे 11 मीटर उताराच्या दृष्टीने बरे होते. दुसऱ्या टोकाला, औदुंबर तोडावा असेही एकाने सुचवले. त्याला घरातल्या कोणाचीच संमती नव्हती, आणि आमच्या मते ते योग्यच होते. औदुंबर तोडायचा नाही हे गृहीत धरूनच पाइपाचा मार्ग आखावा लागतो. जुन्या घरांची दुरुस्ती घरातल्या श्रद्धांना वळसा घालून होत नाही.

काम दोन टप्प्यांत वाटले. पहिला टप्पा मृग नक्षत्राच्या आत संपवायचा होता आणि तो पाइपाला न छेडता होणारा होता. पन्हळीचे पाणी सांडपाण्यापासून तोडून स्वतंत्र पाइपाने बोळातल्या पावसाळी गटारात सोडले. हे पाणी परसातच शोषखड्ड्यात मुरवावे असा विचार आला होता, परंतु मातीच्या भिंतींच्या घराच्या पायाजवळ एवढे पाणी जिरवणे धोक्याचे म्हणून तो सोडून दिला. या एका कामाला दीड दिवस लागला आणि खर्च सहा हजारांच्या आत राहिला. त्या वर्षीच्या आषाढात न्हाणीत पाणी चढले नाही. उरलेले काम कशासाठी करायचे, असा प्रश्न तेव्हा कुटुंबाने विचारला, आणि तो स्वाभाविक होता.

दुसरा टप्पा दिवाळीनंतर, माती वाळल्यावर घेतला. इथे अडचण उताराची होती. टाकीचे तोंड ज्या उंचीवर आहे, त्याने सगळा उतार बांधलेला असतो. नवा पाइप टाकला तरी उतार नवा मिळत नाही. टाकीचे झाकण उघडून मोजले असता आत येणारा पाइप टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून 17 सेंटिमीटर वर असल्याचे आढळले. प्रत्यक्षात पाच-सहा सेंटिमीटर अंतर पुरेसे असते. म्हणजे 11 सेंटिमीटर उतार टाकीच्या भिंतीतच वाया जात होता. पाइपाचे तोंड तेवढे खाली घेतले, नवा मार्ग औदुंबराच्या पाराला वळसा घालून 9 मीटरचा केला, आणि 5 सेंटिमीटरच्या जागी 16 सेंटिमीटर उतार मिळाला. हा छप्पन्नात एक होतो. पुस्तकी चाळिसात एकपेक्षा कमी, पण आतून गुळगुळीत असलेल्या 110 मिलिमीटर यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) पाइपाला पुरेसा. या पाइपाचे सांधे सोल्युशनने चिकटवलेले असल्याने मुळांना शिरायला फट राहत नाही, आणि सहा मीटरच्या लांबीमुळे मुळात सांधेच दोन-तीन उरतात.

टाकीच्या भिंतीला भोक पाडण्याचे काम बाहेरून, शेजारी खड्डा खणून केले. आत टी (पाइपाच्या तोंडाला लावायचा इंग्रजी T आकाराचा जोड) बसवण्यासाठीही कोणाला टाकीत उतरवले नाही; झाकणातून आकड्याने धरून तो जागी बसवला. याबाबत आम्ही कोणतीही सवलत घेत नाही. टाकी उपसलेली, कोरडी दिसत असली तरी तिच्यात हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचलेले असू शकतात, आणि हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते, त्यामुळे 'वास येत नाही' हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याच्या कलम 7 नुसार सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणसाला कामावर लावण्यास मनाई आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हा कायदा नगरपालिकांना लागू आहे तसाच घरमालकालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये अशा सफाईत होणाऱ्या मृत्यूसाठीची भरपाई 30 लाख रुपये केली. 'आमचा नेहमीचा माणूस आहे, तो उतरतो' हे वाक्य आजही गावोगाव ऐकू येते. ते ऐकले की काम तिथेच थांबवावे.

चेंबरांची संख्या एकवरून तीन केली : एक परसाच्या दाराबाहेर, जिथे जुना पाइप संपून नवा सुरू होतो, एक पाराच्या वळणावर, आणि एक टाकीच्या आधी. आमच्या दृष्टीने या साऱ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा खर्च हाच होता. पाइप कधी ना कधी तुंबणारच. तो कुठून उघडता येतो यावर त्याची देखभाल ठरते. चेंबरच्या तळाशी अर्धगोल नाली करून दोन्ही बाजूंना सिमेंटचा उतार दिला, म्हणजे मैला कोपऱ्यात बसत नाही. बऱ्याच जुन्या चेंबरांत हा उतार नसतो, तळ सपाट असतो आणि चेंबर हीच साठवणीची जागा बनते. झाकणे फरशीखाली न लपवता फरशीच्या पातळीला, कड्यांसह बसवली. घरातल्यांना ती दिसायला नको होती. पुष्कळ चर्चेनंतर पाराजवळच्या झाकणावर कुंडी ठेवण्याची तडजोड झाली, पण ती हलवता येईल एवढीच असावी या अटीवर.

स्वयंपाकघराच्या सिंकचे पाणी आधी थेट पाइपात जात होते. त्यासाठी ओट्याबाहेर लहान चेंबरमध्ये गल्ली ट्रॅप (घराबाहेर बसवायचा ट्रॅप) आणि त्याआधी तेल अडवणारी उघडी हौदी बांधली. तेलकट पाणी तिथे थंड होते आणि तेलाची साय वर येते. ती दर आठवड्याला काढून वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकायची. पूर्वी भांडी राखेने घासली जात तेव्हा तुंबणारा माल राख आणि माती असे, आता तो तेल, साबण आणि चहाचा चोथा असतो. थंडीत हे मिश्रण मेणासारखे घट्ट होते. दिवाळीच्या फराळानंतर आठवड्याभरात गावात कामट्यावाल्यांना उसंत मिळत नाही, याचे कारण हेच.

शेवटी हवेचा पाइप. टाकीला तो मुळी नव्हताच, आणि वरच्या बाथरूमच्या उभ्या पाइपाचे तोंड कोणी तरी पाऊस येऊ नये म्हणून बंद केले होते. वरून बादलीभर पाणी जोराने गेले की खालच्या न्हाणीच्या ट्रॅपमधले पाणी ओढले जाई आणि वास व झुरळे वर येत. ट्रॅपमधले दोन इंच पाणी हीच घर आणि गटार यांच्यातली एकमेव भिंत असते. दोन्ही हवेचे पाइप छपराच्या वर नेऊन त्यांच्या तोंडाला डासांची बारीक जाळी बांधली; सेप्टिक टाकी क्युलेक्स डासांची पैदास होण्याची आवडती जागा आहे, हे या बाबतीत विसरले जाते.

दुसऱ्या टप्प्याचा खर्च मजुरीसह सुमारे 34 हजार रुपये झाला. तीन भावांत वाटणी कशी करायची यावर काम सुरू होण्याआधी दोन बैठका झाल्या. वापराच्या प्रमाणात करावी असे एकाचे म्हणणे होते. पाइप कोणा एकाचा नसतो आणि तुंबला की सर्वांत खालच्या न्हाणीलाच त्रास होतो, हे नकाशावर दाखवल्यावर समान वाटणी मान्य झाली.

देखभालीची घडी

बांधकाम झाल्यावर आम्ही कुटुंबाला एक नकाशा दिला. वहीच्या पानावर काढलेला, भिंतींपासूनच्या अंतरांसह, चेंबरांची खोली आणि पाइपाचा मार्ग दाखवणारा. त्याची एक प्रत लाकडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे आणि प्रत्येक भावाच्या मोबाइलमध्ये फोटो आहे. जुन्या घराच्या ड्रेनेजसाठी फक्त एकच गोष्ट करता येत असेल, तर ती हा नकाशा काढण्याची करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याला जवळजवळ काही खर्च येत नाही आणि पुढच्या पिढीचे खोदकाम वाचते.

वेळापत्रक सणांना आणि नक्षत्रांना बांधले, कारण तारखा विसरल्या जातात, सण विसरले जात नाहीत. अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात पन्हळी झाडायच्या आणि पावसाळी पाइपात पाणी सोडून पाहायचे. मृगाच्या आधी तिन्ही चेंबर उघडायचे, थोडा वेळ तसेच उघडे ठेवून वायू निघून जाऊ द्यायचा, मग वरून एकेक बादली पाणी सोडून प्रत्येक चेंबरमध्ये ते कसे वाहते हे पाहायचे. तळाला थर दिसला तर तेव्हाच काढून घ्यायचा. दिवाळीनंतर तेलाची हौदी पूर्ण रिकामी करून गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून सिंकचा पाइप धुवायचा. ॲसिड घरात आणायचे नाही. वापरात नसलेल्या वरच्या न्हाणीत आठवड्याला एक तांब्या पाणी ओतायचे, म्हणजे ट्रॅप कोरडा पडत नाही. नगरपरिषदेची गाडी टाकी उपसायला येईल त्या दिवशी मात्र एक जादा काम करायचे : टाकी रिकामी असताना बाहेरून, झाकणातून बॅटरी टाकून आत येणाऱ्या पाइपाचे तोंड आणि टी जागेवर आहे की नाही ते पाहायचे. तीन वर्षांतून एकदाच मिळणारी ही संधी आहे आणि तिला पाच मिनिटे पुरतात.

ही घडी पाळण्याची जबाबदारी मधल्या वहिनींनी स्वतःहून घेतली. त्या कालनिर्णयच्या पानांवर खुणा करतात आणि चेंबर उघडले की काय दिसले ते एका ओळीत लिहून ठेवतात. कामट्यांवाला माणूस आता तुंबल्यावर येत नाही. वर्षातून दोनदा ठरलेल्या दिवशी, हातमोजे घालून, चेंबरमधून पाइप तपासायला येतो आणि त्याला पूर्वीइतकेच पैसे दिले जातात. हे आमच्या आग्रहावरून ठरले. ज्याच्या अनुभवावरून दोष सापडला, त्याचे उत्पन्न दोष दूर झाल्यामुळे बुडावे हे आम्हाला पटले नाही.

काय साधले, काय राहिले

दुसऱ्या टप्प्यानंतर दोन पावसाळे गेले आहेत. न्हाणीत पाणी चढलेले नाही. कोरड्या दिवसांत एकदा पाइप तुंबला. परसाच्या दाराबाहेरचे झाकण उघडल्यावर तिथे भांडी घासण्याचा काथ्या अडकलेला सापडला आणि घरातल्याच एकाने हातमोजे घालून, चिमट्याने तो अर्ध्या तासात काढला. भिंतीतली ओल पहिल्या उन्हाळ्यात बरीच सुकली, दुसऱ्यात पोपडे खरवडून चुन्याचा गिलावा करता आला. सागवानी खांबाचे बुड कापून खाली दगडी उथळे बसवावे लागले. ते काम आधी हातात घेतले असते तर दोन वर्षांत ते लाकूड पुन्हा कुजले असते.

दोन गोष्टी अपुऱ्या आहेत. चौकाखालचे 11 मीटर अजून जुन्या स्टोनवेअरचेच आहेत. न्हाणीच्या ट्रॅपलगतचा गळका सांधा नव्याने भरला, पण उरलेल्या सांध्यांपैकी कोणता केव्हा चिरेल हे सांगता येत नाही. दरवर्षी मृगाआधी न्हाणीकडून सोडलेल्या दहा लिटर पाण्यापैकी परसाच्या चेंबरमध्ये किती पोचते हे मोजून वहीत लिहायचे ठरले आहे. त्यात लक्षणीय घट दिसू लागली की फरशी उचलण्याचा विचार करायचा. दुसरी गोष्ट अधिक मोठी आहे. टाकीतून बाहेर पडणारे पाणी अजूनही रस्त्याच्या गटारातच जाते. ते निवळलेले असले तरी शुद्ध नसते, आणि एका घराला त्यावर उपाय करता येत नाही. परसात जागा नाही आणि नदीकाठच्या मातीच्या घराशेजारी ते मुरवता येत नाही. आळीतल्या आठ-दहा घरांनी मिळून सामाईक प्रक्रिया करता येईल का, याची मापे घेण्याचे काम येत्या हिवाळ्यात सुरू होईल. त्यासाठी शेजारच्या दोन वाड्यांनी आपापल्या पाइपांचे नकाशे काढायला घेतले आहेत.